मागच्या दाराचं कुलूप

ते कुलूप मी स्वतः आणलं होतं. आमच्या घराच्या मागच्या दाराला जे आहे तसंच, पितळी, तळहाताएवढं. सौंसरच्या बाजारातल्या त्याच दुकानातून घेतलं. दुकानदार म्हणाला, "बाई, हे कापाले बसलं कोणी तं त्याचा दिवस जाईन." मला तेच हवं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि मी स्वतः त्यातून वेगळी आहे असं वाचणाऱ्याला वाटायला नको.

माझी मुलगी नर्सिंग शिकायला पांढुर्ण्याला राहिली. सौंसरहून तासाभराचा रस्ता आहे, पण सकाळी सातला दवाखान्यात हजर व्हायचं म्हटलं की बसच्या भरवशावर राहता येत नाही. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तिथे ज्याच्याकडे दोन खोल्या जास्त, त्याने मुलींच्या हॉस्टेलची पाटी लावली आहे. आम्ही पाहिलेलं त्यातल्या त्यात बरं होतं. मालक कापडाचा व्यापारी, बोलायला गोड. खाली स्वयंपाकघर, जेवणाची खोली आणि वॉर्डनबाईंची खोली. वरच्या मजल्यावर एका लांब बोळाच्या दोन्ही बाजूंना मुलींच्या खोल्या. खिडक्यांना गज. बोळाच्या एका टोकाला घरातला जिना, दुसऱ्या टोकाला एक दार आणि दाराबाहेर मागच्या गल्लीत उतरणारा लोखंडी जिना.

पहिल्या दिवशी बोळात भिंतीवर चार लाल नळकांडी टांगलेली होती, आग विझवायची. मी समाधानाने मान डोलावली. दुसऱ्या महिन्यात गेले तर भिंतीवर नुसते खिळे. मुलीला विचारलं तर ती हसायला लागली.

"आई, ते आपले नव्हते न. चेकिंग असलं की बिछायतवाल्याच्या टेम्पोत येतात. खुर्च्या, पातेले, सतरंज्या अन् ते. साहेब गेले की वापस."

म्हणजे लग्नात जेवणाची भांडी भाड्याने आणावीत तशी ही आग विझवायची सोय भाड्याने यायची, संध्याकाळी परत जायची. मलाही हसू आलं. ऑफिसात दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी ही गोष्ट रंगवून सांगितली. मी सरकारी नोकरीत कारकून आहे. चेकिंगचे कागद कसे तयार होतात हे मला काही नवीन नाही. म्हणून तर हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते.

त्याहून मोठी गंमत जेवणाच्या खोलीत होती. मुली ज्या टेबलावर जेवायच्या ते टेबल म्हणजे विटांच्या चार खांबांवर आडवं टाकलेलं एक जाड लोखंडी दार होतं, करड्या रंगाचं. एका बाजूला बिजागऱ्यांची भोकं, दुसऱ्या बाजूला मुठीची. मधोमध लाल अक्षरांत हिंदीत लिहिलेलं: अग्निरोधक द्वार, सदैव बंद रखें. माझी मुलगी रोज त्या 'सदैव'वर ताट ठेवायची. हे दार जिन्याच्या तोंडाशी बसवलं होतं, खालचा धूर वरच्या बोळात शिरू नये म्हणून. आपोआप मिटणारं होतं. पण ते सारखं धाडकन मिटायचं, वॉर्डनबाईंना मुली काय करतात ते खालून दिसायचं नाही, हवा यायची नाही. चेकिंग झालं, कागद मिळाला आणि दार उतरवलं गेलं. टाकून कशाला द्यायचं, म्हणून जेवणाचं टेबल.

मी त्या टेबलावर बसून दोनदा जेवले आहे. वांग्याची भाजी चांगली होती.

आता कुलपाचं सांगते. मागच्या गल्लीत संत्र्यांचं एक गोदाम आहे. तिथले हमाल दुपारी लोखंडी जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर बसून चहा प्यायचे, कारण गल्लीत सावली तेवढीच. चार-पाच माणसं, सगळी पन्नाशीकडे झुकलेली. पालकांच्या सभेत मोहगावच्या एका मुलीच्या वडिलांनी विषय काढला, की मागच्या जिन्यावर माणसं बसतात, हे काही बरं दिसत नाही. बाकीचे पालक 'हो न, हो न' करत राहिले. मी मात्र उठून उभी राहिले. मला सभेत बोलता येतं आणि ते येतं याचा मला गर्व आहे.

मी म्हटलं, "दार उघडं ठेवून तुम्ही पोरी सांभाळून राहिले का? कुलूप लावा त्या दाराले."

मालक चुळबुळले. हे मी त्यांच्या बाजूने सांगते आहे, कारण खरं आहे ते. ते म्हणाले, "मॅडम, चेकिंगवाल्या साहेबानं सांगितलं होतं, मागच्या दाराले कुलूप लावाचं नाही म्हणून."

"त्या साहेबाच्या पोरी राहतेत का इथं?"

सभा हसली. मोहगावच्या गृहस्थांनी टाळी वाजवली. मालकांचा चेहरा सैल झाला. जे त्यांना स्वतःच करायचं होतं ते आता पालकांनी मागून घेतलं होतं, मग त्यांचं काय जात होतं? त्यांनी लगेच रजिस्टर काढलं, 'पालकांच्या मागणीवरून' असं लिहिलं आणि सह्या घेतल्या. पहिली सही माझी. पुढच्याच आठवड्यात मी सौंसरहून ते कुलूप घेऊन गेले आणि दाराच्या बाहेरच्या कडीला स्वतः लावून आले. खाली पायऱ्यांवर बसलेले हमाल चहाचे ग्लास हातात धरून वर पाहत होते. एकाने हात जोडले. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

माझे वडील दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जायचे. बांधावर बसून भाकर खायचे, कारण मालकाच्या ओसरीवर बसायची सोय नव्हती. हे मला त्या दिवशी आठवलं नाही. आठवायला हवं होतं.

कुलपासोबत तीन चाव्या होत्या. एक वॉर्डनबाईंना दिली, एक मालकांना. तिसरी मी पर्सच्या आतल्या कप्प्यात, घरच्या मागच्या दाराच्या चावीशेजारी ठेवली. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आपल्या मुलीच्या दाराची चावी आपल्याजवळ असावी, एवढंच मला वाटलं असेल.

तीन महिन्यांनी एका मंगळवारी दुपारी, ऑफिसात डबा खाऊन नुकतीच टेबलावर परत आले होते, तर मुलीचा फोन आला.

"आई, जिन्यातून धूर येऊन राहिला. लय काळा आहे. खाली उतरताच नाही येऊन राहिलं."

जिन्याखाली इन्व्हर्टर होता आणि त्याच्या अंगाला मालकांनी जुन्या फोमच्या गाद्या रचून ठेवल्या होत्या. तिथून पेटलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त तिचा खोकला ऐकू येत होता आणि मागे दुसऱ्या मुलींचा ओरडा.

"मागच्या दारानं जा."

"ते लागून आहे न. कुलूप आहे."

"वॉर्डनबाईले म्हण."

"त्या रामाकोन्याले गेल्या, बारशाले. चावी त्यांच्याजवळच आहे. मालक फोन नाही उचलून राहिले. आई, दुसरी चावी कोणाजवळ असंन? तुले माहीत आहे का?"

फोन कानाशी धरून मी दुसऱ्या हाताने पर्स उघडली होती. चावी माझ्या मुठीत होती. तासाभराच्या अंतरावर, पंख्याखाली, फायलींच्या मध्ये मी ती चावी धरून उभी होते. मी म्हटलं, "खिडकीपाशी जा. तोंडाले ओला कपडा बांध. मी येऊन राहिली." चावीबद्दल मी काही बोलले नाही. फोन कटला.

आमचे हे बोरगावला कंपनीत असतात. त्या दिवशी त्यांची रात्रपाळी होती, म्हणून घरी होते. मोटारसायकलवर मी मागे बसले. रस्ताभर मी चावी इतकी घट्ट धरली होती की तळहातावर तिचे दाते उमटले. मी कोणाला शिव्या दिल्या नाहीत असं नाही. मालकाला दिल्या, वॉर्डनबाईला दिल्या, त्या चेकिंगवाल्याला, बिछायतवाल्याला, रामाकोन्याच्या त्या बाळालासुद्धा दिल्या. हे एवढंच म्हणत होते, "धरून बस, धरून बस." तिला लावलेला फोन लागत नव्हता.

अर्ध्या वाटेवर अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलगी होती. आवाज घोगरा, ओळखू येत नव्हता.

"निघालो आई. सगळ्याच निघालो. दार तोडलं त्यायनं."

आम्ही मोटारसायकल थांबवली. मी रस्त्याच्या कडेला मातीतच बसले. हे पाणी आणायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. ते पण कुठेतरी बसले असतील.

दार तोडलं ते हमालांनी. वरून मुलींचा आरडाओरडा ऐकू आला तसे ते गोदामातली पहार घेऊन जिना चढले. आम्ही पोहोचलो तेव्हा दवाखान्यात नेलेली एक मुलगी सोडून बाकी सगळ्या गल्लीत, गोदामाच्या ओट्यावर बसल्या होत्या, काळ्या नाकांच्या, हातात हमालांच्या चहाचे ग्लास. माझी लेक मला पाहून उठली नाही. मीच जाऊन तिला धरलं. तिच्या केसांना जळक्या फोमचा वास येत होता. दोनदा धुऊनही तो वास आठवडाभर गेला नाही.

त्या हमालांपैकी जो सगळ्यात वयस्क होता, हात जोडणारा तोच, त्याने मला जिन्यावर नेऊन दार दाखवलं. चौकटीतून कडी खिळ्यांसकट उखडली होती आणि त्या कडीत माझं कुलूप तसंच बंद, जसंच्या तसं लटकत होतं.

"जय भीम बाई," तो म्हणाला. "कुलूप लय मजबूत होतं. त्याले काही झालं नाही. दहा-बारा ठोके घातले, मंग आम्ही कडीच उपटली. उशीर झाला थोडा."

उशीर झाला म्हणून तो माझी माफी मागत होता. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती मला तेव्हा कळली, आणि रागवायला समोर कोणी नव्हतं, फक्त ते कुलूप होतं.

दवाखान्यातली मुलगी पाच दिवसांनी घरी गेली. कोणी मेलं नाही, म्हणून बातमी झाली नाही. चेकिंगवाल्या साहेबांच्या ऑफिसात मी अर्ज दिला, पोच घेतली. अर्ज कसा लिहायचा हे मला चांगलं येतं. उत्तर आलेलं नाही. अर्ज कसा दाबून ठेवतात तेही मला चांगलं माहीत आहे. मी मुलीला घरी आणलं. पण तिची परीक्षा तोंडावर होती, दवाखान्यातली हजेरी भरायची होती आणि पांढुर्ण्यात दुसरीकडे जागा नव्हती. दोन ठिकाणी पाहिलं. एकीकडे मागचं दारच नव्हतं. दुसरीकडे होतं, त्याच्यासमोर मालकाने फ्रिज ठेवला होता. शेवटी मालकांनी सभा बोलावली तेव्हा मुलीला घेऊन मी परत तिथेच गेले.

भिंतींना नवा चुना मारला होता. जिन्याखालच्या गाद्या गेल्या होत्या. जेवणाच्या खोलीत त्याच लोखंडी दारावर पालकांसाठी पोह्यांच्या बश्या मांडल्या होत्या आणि मधूनमधून लाल अक्षरं दिसत होती. वर जाऊन पाहिलं तर मागच्या दाराला आता आतल्या बाजूने नवी कडी बसवली होती, जाड, सिमेंटमध्ये पक्की केलेली. आणि त्या कडीत माझं कुलूप.

मी खाली आले. मालकांना म्हटलं, "हे काय आहे?"

"तुमचंच आहे मॅडम," ते म्हणाले, अगदी गोड. "चांगलं कुलूप आहे. वाया कायले घालवाचं? अन् आता टेंशन नका घेऊ, वॉर्डनबाई बाहेरगावी गेल्या तं चावी स्वयंपाकवालीजवळ राहीन."

"स्वयंपाकवाली दुपारी घरी जाते."

"मॅडम, मागणी तुमचीच होती." आणि त्यांनी रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. पहिली सही माझीच होती, ठळक, खाली रेघ ओढलेली. पुढच्या पानावर पुन्हा तेच लिहून ठेवलं होतं, 'पालकांच्या मागणीवरून'. मोहगावच्या गृहस्थांनी सही केलीसुद्धा. मी त्यांना विचारलं, तुमची मुलगी त्या दिवशी कुठं होती? ते म्हणाले, "वरच होती न बाई. पण आग काय रोज लागते? पोरीची जात आहे, दार उघडं ठेवून कसं चालंन?"

हा माणूस वाईट नाही. आपल्या मुलीला भेटायला येताना तो दर वेळी घरचं तूप आणतो. चार महिन्यांपूर्वी मी जे बोलले होते, शब्द न् शब्द तेच तो बोलत होता. म्हणून तर माझा तिळपापड झाला. जे दार बंद राहायला हवं होतं त्यावर आम्ही पोहे खात होतो, आणि जे दार उघडं राहायला हवं होतं त्याला कुलूप लावायला रांगेत उभे होतो. आणि हे सगळं कशासाठी, तर मुली सुखरूप राहाव्यात म्हणून!

मी मागच्या सभेतल्याएवढ्याच मोठ्या आवाजात हे सगळं बोलले. सभेत बोलता येतं म्हटलं ना. मग जिना चढून वर गेले. माझ्यामागून मालक, वॉर्डनबाई, चार-पाच पालक, आणि खोल्यांमधून मुली बाहेर आल्या. मी पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून चावी काढली आणि कुलूप उघडलं. ते सहज उघडलं. एवढा मार खाऊनही त्याची कळ बिघडली नव्हती.

दार ढकललं तसा बोळात उजेड आला. मालकांनी पहिल्यांदा गोडवा सोडला. "ही चावी कुठून आली तुमच्याजवळ?"

"तिसरी आहे. पहिल्या दिवसापासून माझ्याजवळच आहे."

हे बोलून झालं आणि मला माझी मुलगी दिसली. ती बोळाच्या मध्यभागी उभी होती, जिथून तिने फोन केला असेल साधारण तिथेच.

"मी फोन केला तेव्हाही होती?"

"हो."

"मी विचारलं होतं तुले."

"हो."

"मंग काहून नाही सांगितलं?"

सौंसरहून ती चावी तिच्या काही कामाची नव्हती, हे मी म्हणू शकले असते. ते खरंही आहे. पण मी सांगितलं नाही त्याचं कारण ते नव्हतं. मुलीला कळेल की हे कुलूप आईने नुसतं आणलं नाही, त्याची चावीही स्वतःजवळ ठेवली, ती काय म्हणेल, हे माझ्या मनात आलं होतं. तिच्या नाकातोंडात धूर जात होता आणि मी माझी अब्रू सांभाळत होते. मालकाने कागद सांभाळला, साहेबाने सही सांभाळली, मी हे सांभाळलं. मुली मात्र कोणीच सांभाळल्या नव्हत्या.

ते कुलूप मी पर्समध्ये टाकलं आणि मालकांना सांगितलं, दुसरं लावलंत तर तेही तोडायला माणसं खाली बसलेली आहेत. रजिस्टरमध्ये त्या दिवशी मुलींनी स्वतः लिहिलं, मागचं दार फक्त आतल्या कडीने लावलं जाईल, आणि स्वतः सह्या केल्या. पालक नाराज होऊन गेले. लोखंडी दार जिन्याच्या तोंडाशी परत बसलं ते पुढच्या आठवड्यात, त्या दारावर जेवणार नाही म्हणून दोन दिवस मुली ताटं घेऊन जमिनीवर बसल्या तेव्हा. ते अजूनही धाडकन मिटतं, आणि वॉर्डनबाई अजूनही कुरकुर करतात.

सभेच्या त्या दिवशी निघताना मी मुलीला म्हटलं, "चाल घरी. परीक्षेच्या दिवशी हे आणून सोडतीन. इथं नको राहू."

ती मागच्या दाराच्या उंबऱ्यात बसली होती, पुस्तक मांडीवर. तिने मान वर केली नाही.

"घरच्या मागच्या दारालेही तूच कुलूप लावते, आई. त्याचीही चावी तुझ्याच पर्समध्ये राहते."

ती राहिली. मी परत आले, चप्पल न काढता सरळ आमच्या मागच्या दाराशी गेले आणि अंधारात कुलूप चाचपत राहिले. दोन्ही चाव्या सारख्याच दिसतात. पहिली लावली ती तिच्या दाराची निघाली.